वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस

शेफाली वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी नववीत होते, आणि तिच्या येण्यानं पहिलं काही बदललं असेल तर आमच्या घरातलं व्याकरण. तिच्या बंगाली बोलीत क्रियापदाला बाई-पुरुष असा भेदच नसतो म्हणे. त्यामुळं तिच्या तोंडी 'भाकरी झाला', 'म्हैस गेला' असं काहीही यायचं. माझ्या वडलांना सगळं कन्हेरी गाव तात्या म्हणायचं. ते पंचायतीतून आले, की ही ओट्यावरून आत ओरडायची, "आई, तात्या आली!" आणि आई भाकरी थापता थापता पदर तोंडाला लावून हसायची. तात्या रागीट, पण या हाकेवर तेही मिशीत हसत चपला काढायचे. हे हसणं मला मुद्दाम आधी लिहायचंय. कारण पुढं जे झालं त्यानं आमच्या घरातलं हसणं असं काही गेलं, की ते कधी होतं यावरच आता माझा विश्वास बसत नाही.

दादाला मुलगी मिळत नव्हती. कालव्याचं पाणी होतं, टोमॅटो, दोडका, काकडी अशी बारमाही तरकारी होती, पक्कं घर होतं, दादाला कसलं व्यसन नव्हतं. पण मुलींना नोकरीवाला हवा होता, आणि शेती म्हटलं की पुढची बोलणीच थांबायची. अशी सात-आठ वर्षं गेली. दादा पुढं पुढं पाहुण्यांसमोर बसायलाही तयार होईना. माझी आत्या इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याला दिलेली. तिच्या शेजारच्या डाळिंबाच्या बागेत कलमं बांधायला बंगाली माणसांची एक टोळी यायची. टोळीचा मुकादम होता मोंडल मामा, आणि त्याच्यासोबत त्याची भाची. ती शेफाली. आत्यानं सहज विचारलं, मामानं होकार दिला, अंथुर्ण्याच्या देवळात लग्न लागलं. शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि त्या टोळीतल्या दोन बायांनी जिभा हलवत असा काही लांबलचक चिरका सूर काढला, की आमच्याकडचे वऱ्हाडी दचकले. तो त्यांचा शुभशकुन होता, हे नंतर कळलं. वहिनीकडं आधार कार्ड होतं, त्यावर पश्चिम बंगालमधल्या एका गावचा पत्ता होता. त्यापलीकडं कुणी काही विचारलं नाही. आम्हाला सून मिळत होती, आम्ही कशाला विचारतोय?

वर्षाच्या आत ती आमच्यासारखी बोलायला लागली. हाय, न्हाय, व्हय, सगळं. भाकरी माझ्यापेक्षा पातळ थापायची. फक्त मासळी तिला सुटली नाही. आई माळकरी, घरात वासही चालायचा नाही. मग दादा रविवारी भिगवणला जाऊन उजनीची चिलापी आणायचा आणि गोठ्यामागं तीन दगड मांडून वहिनी मोहरीच्या तेलात ती शिजवायची. तो वास पहिल्यांदा नाकात शिरला की डोळ्यांतून पाणी यायचं. तात्या आधी लांबून जायचे, मग जवळून जायला लागले, आणि एका रविवारी ताट घेऊन गोठ्यामागंच बसले. "आईला सांगू नगंस," ते मला म्हणाले. आई दारातून सगळं बघत होती. वहिनी भोपळ्याची फुलं बेसनात बुडवून तळायची, ती मात्र आई चवीनं खायची. मग दुर्वा झाली, दादाची मुलगी. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालताना वहिनी तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणायची, आणि आतून आईच्या हरिपाठाचा आवाज यायचा. दोन्ही एकाच वेळी चालायचं. कुणाला काही वाटायचं नाही.

त्याच सुमाराला टीव्हीवर रोज संध्याकाळी भांडण लागायचं. सीमा, कुंपण, घुसखोर, निर्वासित. एक म्हणायचा, राज्यानं कागद दिले म्हणून ही माणसं राहिली. दुसरा म्हणायचा, केंद्रानं सीमा उघडी सोडली म्हणून आली. सहा चौकोनांत सहा माणसं एकदम ओरडायची. तात्या आवाज मोठा करून ऐकायचे. त्यातच गावात विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला गेल्या. चोर कोण ते कधीच कळलं नाही, पण तात्यांनी ग्रामसभेत ठराव मांडला, की गावात बाहेरून आलेल्या प्रत्येकाची नोंद करावी, कागद तपासावेत, संशय आला तर पोलिसांना कळवावं. विरोध केला भाऊसाहेबांनी. त्यांचा मोठा पोल्ट्रीचा व्याप होता आणि कामावर सगळी बाहेरची माणसं. "तात्या, ह्यी माणसं गेल्यावर तुमी येणार का कोंबड्यांची घाण काढाया?" ते म्हणाले होते. सभा हसली, पण ठराव झाला. त्या दिवशी तात्या घरी आल्यावर वहिनीनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि तिथं न थांबता दुर्वाला घेऊन गोठ्यामागं निघून गेली. मी ते पाहिलं, पण मला अर्थ लागला नाही.

अर्थ लागला काही महिन्यांनी. मी तेव्हा अकरावीला, बारामतीला कॉलेजात जायचे. एका दुपारी शेडमध्ये आम्ही दोघी टोमॅटो निवडत बसलो होतो, कच्चे वेगळे, डागी वेगळे. साडी वर खोचलेली असल्यामुळं वहिनीच्या पोटरीवरचा वण दिसत होता. लांब, वेडावाकडा, मध्येच फाटा फुटलेला. गावातल्या बायकांनी विचारलं की ती सांगायची, कोयता लागला. मी म्हटलं, "वहिनी, कोयत्याचा वण असा नसतो."

तिनं साडीचा काठ वणावर ओढला. मग म्हणाली, "तारेचा हाय."

आणि तिनं सांगितलं. ती चार वर्षांची होती. आईनं जुन्या साडीनं तिला पाठीशी बांधलं होतं. पहाटेचं धुकं होतं, गुडघाभर पाण्याचा चर होता आणि चरापलीकडं काटेरी तार. आई तारेखालून सरपटताना हिचा पाय अडकला. आईनं मागं हात घालून आधी हिच्या तोंडावर ठेवला आणि मग पाय ओढला. "मी रडले न्हाय," वहिनी म्हणाली, "आईनं सांगितलं हुतं, रडलीस तर दोगी मरू." वडील मागून येणार होते, म्हाताऱ्या आजीला घेऊन. ते आलेच नाहीत. आजीला चालवत नव्हतं आणि तिला टाकून येणं त्यांना जमलं नाही. त्यांचं घर जाळलं होतं, कुणी आणि का, हे चार वर्षांच्या पोरीला काय कळणार? आई इकडं आल्यावर तीन वर्षांत तापानं गेली. मामानं सांभाळलं.

"तुज्या दादाला म्हाईत हाय," ती म्हणाली, "आन आता तुला. बास. आनि कुणाला न्हाय."

मी तिचा ओला, टोमॅटोच्या पानांचा वास येणारा हात धरला आणि शपथ घेतली. सोळा वर्षांच्या मुलीच्या शपथेला काय किंमत असते, ते मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं.

मी बोलायला चांगली होते. हे गर्वानं लिहीत नाही, आता त्या गोष्टीचा गर्व उरलेला नाही. शाळेपासून वक्तृत्वाच्या ढाली घरी यायच्या आणि तात्या त्या टीव्हीच्या कपाटावर मांडायचे. कॉलेजात कदम सर आमची तयारी घ्यायचे. त्या वर्षीच्या जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेचा विषय होता, 'सीमा आणि घुसखोरी: जबाबदारी कुणाची?' मी वर्तमानपत्रांची कात्रणं गोळा केली, मुद्दे काढले, पाठ करून सरांसमोर बोलले. सरांनी डोळे मिटून ऐकलं. "मुद्दे झकास आहेत," ते म्हणाले, "पण अश्विनी, यात माणूसच नाही. सगळे हेच मुद्दे बोलणार. तू एक माणूस उभा कर. बघ मग सभागृह कसं हलतंय."

कन्हेरीच्या गाडीत बसून मी घरी येत होते आणि माझ्या डोक्यात तो माणूस उभा होता. मी स्वतःला समजावलं, की नाव घ्यायचं नाही. गाव सांगायचं नाही. मग कुणाला काय कळणार? उलट तिचं दुःखच आपण जगापुढं मांडतोय. हे सगळं मी खरोखर मनाशी म्हटलं. पण त्याखाली दुसरी एक गोष्ट होती, आणि तीच जास्त खरी होती. मला पहिलं यायचं होतं.

मी बोलले. धुकं, चर, तार, तोंडावर ठेवलेला हात. "त्या तारेचा वण त्या मुलीच्या पोटरीवर आजही आहे," मी म्हणाले, "आणि ती मुलगी आज आपल्याच तालुक्यात, कुणाच्या तरी घरची सून होऊन, भाकरी थापते आहे. आता सांगा, जबाबदार कोण? झोपलेला पहारेकरी? कागद देणारा कारकून? न विचारता सून करून घेणारे तुम्ही-आम्ही?" एवढं बोलून मी थांबले. सभागृहात इतकी शांतता होती, की पंख्याचा आवाज येत होता. मग टाळ्या. परीक्षक बाईंनी डोळे पुसले. पहिलं बक्षीस मला मिळालं. घुसखोरांना हाकला असं मी म्हटलं, की त्यांना सांभाळा असं, हे त्या टाळ्यांतल्या कुणालाच कळलं नसेल. मलाही कळलं नव्हतं. मला फक्त थांबायचं कुठं ते कळलं होतं.

भाषणाचा व्हिडिओ कॉलेजच्या ग्रुपवर पडला आणि तिथून तो आठ दिवसांत सगळ्या तालुक्यात फिरला. तात्यांनी तो वीस जणांना दाखवला. आधी त्यांच्याही काही लक्षात आलं नाही, मुलीचं कौतुक ऐकण्यात ते दंग होते. पण आमच्या शेतात खुरपायला येणाऱ्या बायका होत्या, वहिनीशेजारी साडी खोचून वाफ्यात बसणाऱ्या. त्यांनी पोटरीवरचा वण रोज पाहिलेला होता. ग्रामसभेला अजून आठवडा होता, तोवर गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. माहीत नव्हतं ते फक्त आम्हाला. निदान मला तेव्हा तसं वाटत होतं.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात सकाळी भरली. पाण्याच्या पाळ्या, रस्ता, दिवाबत्ती असे विषय झाले. मग भाऊसाहेब उठले. हातात मोबाइल होता. त्यांनी तो माइकला लावला आणि माझाच आवाज देवळावर आपटून परत आला. 'त्या तारेचा वण त्या मुलीच्या पोटरीवर आजही आहे.'

"तात्या," भाऊसाहेब म्हणाले, "ठराव तुमीच मांडलावता. माज्या पोल्ट्रीवरची चार माणसं त्या ठरावापायी पळून ग्येली. कागद हुतं त्यांच्याकडं, पर भीतीनं ग्येली. म्या काय बोललो न्हाय. आता सुरवात तुमच्या घरापास्नं करा. सूनबाईचं कागद दावा."

मग जे माजलं ते अगदी टीव्हीवरच्यासारखं होतं, फक्त चौकोन नव्हते. कुणी म्हणालं, हे केंद्राचं काम हाय. कुणी म्हणालं, केंद्र सांगतंय राज्यानं हुडकावं. ग्रामसेवक घाम पुसत म्हणाले, "पंचायतीला हा अधिकारच नाही, मी फक्त पत्र पुढं पाठवू शकतो." फौजी आण्णा म्हणून एक निवृत्त जवान होते, सीमेवर नोकरी केलेले. ते ताडकन उठले. "आमच्यावर ढकलू नगा. म्या तितं उभा हुतो. निम्मी सीमा नदीत हाय. नदीला तार कुठं ठोकायची सांगा. आन समोर बाई पोर घिऊन आली तर बंदूक कुठं धरायची, त्ये बी सांगा." एक जण ओरडला, "मग काय समद्यांनाच घ्यायचं व्हय आत?" दुसरा म्हणाला, "आरं, जिवाला भिऊन आलेली आपल्याच धरमाची बाई हाय, ती घुसखोर कशी?" "कायद्याला धरम नसतो," तिसरा म्हणाला. "कोन म्हनतं न्हाय?" चौथा. जो तो बोट दाखवत होता, आणि प्रत्येक बोट दुसरीकडंच होतं.

दादा माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता. तो गर्दीतून माझ्याजवळ आला. रागानं नाही. अगदी हळू, लहानपणी मला सायकलवर बसवताना बोलायचा तसा, म्हणाला, "आशू, जा म्होरं. सांग, भाषणासाठी रचलं हुतं. एवढंच सांग. तुला बोलता येतं. तुजं ऐकतील."

एवढंच सांगायचं होतं. माइक दहा पावलांवर होता. आणि मी, जिला हजार माणसांसमोर कधी पाणी प्यावं लागलं नाही, त्या माझं तोंड कोरडं पडलं. मला खोटं बोलायची भीती वाटली की रचलेलं म्हटलं तर बक्षीस जाईल याची? मी या प्रश्नाचं उत्तर स्वतःला अनेकदा दिलंय, दर वेळी वेगळं. जे घडलं ते इतकंच, की मी पाय उचलला नाही. दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली.

तात्या उठले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आयुष्यात पंचायतीत खोटं न बोललेला माणूस. ते मारुतीच्या गाभाऱ्याकडं वळले, हात पुढं केला. "ह्या मारुतीची आन घिऊन सांगतो," त्यांनी सुरुवात केली, "माजी सून..."

"तात्या, आन घिऊ नगा."

बायकांच्या घोळक्यातून वहिनी पुढं आली होती. कडेवर दीड वर्षाची दुर्वा. "माज्यापायी खोटी आन नगं. मी तिकडचीच हाय. मला आणलं तवा मी चार वर्साची हुते. मला कुणी इचारलं न्हाय, येतीस का म्हनून." आणि ती दुर्वाला सावरत घराकडं चालू लागली. बायकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. भाऊसाहेबांनीही मोबाइल खिशात घातला. मला वाटतं, त्यांना तात्यांची जिरवायची होती, एवढंच. त्या क्षणी सगळ्या गावाला ते परत गिळायचं होतं. पण पाचशे माणसांसमोर बोललेलं परत कसं गिळणार?

पोलीस पाचव्या दिवशी आले, सकाळी दहाच्या सुमाराला. साहेब सभ्य होते, चहासुद्धा घेतला. "आमच्या हातात काही नाही," ते तात्यांना म्हणाले, "तक्रार वर गेली, वरून आदेश आला." तोवर तात्या आणि दादा बारामतीत तीन वकिलांकडं जाऊन आले होते. तिसऱ्यानं नीट समजावून सांगितलं. तिकडून जिवाला भिऊन आलेल्या अशा लोकांसाठी एक वाट कायद्यात आहे, पण त्यासाठी ती तिकडची आहे असा एखादा कागद लागतो. तिच्याकडं तो नव्हता. चार वर्षांची पोर कागद घेऊन तारेखालून येत नाही. शिवाय मी तिकडची असं लिहून द्यायचं, म्हणजे हातातलं आधार कार्ड खोटं ठरतं, आणि तो वेगळा गुन्हा. इकडची म्हणावं तर जन्माचा दाखला नाही. "म्हंजी ती कुठलीच न्हाय?" तात्यांनी विचारलं. वकिलानं समोरचे कागद गोळा करून परत दिले. तात्या आमदारांकडं गेले, आमदारांच्या माणसानं वर बोट दाखवलं. वर गेले, तिथं सांगितलं, की हा विषय तुमच्या पोलिसांचा आहे. ज्या माणसानं सगळ्या गावाचे तंटे मिटवले, तो आता दारोदार हात जोडत होता. त्यांच्या सदऱ्याला इस्त्री नसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

वहिनीला तीन दिवस पोलीस ठाण्याच्या आवारातल्या एका खोलीत ठेवलं होतं, मग पुण्याला नेणार होते. शेवटच्या दिवशी दुपारी आई कपडे आणि डबा घेऊन निघाली, दुर्वाला मी घेतलं. आईला दाराशीच रडू आवरेना, म्हणून आत मी एकटीच गेले. वहिनी बाकावर बसली होती. तिनं दुर्वाला पाजायला घेतलं. साहेबांनी सांगितलं होतं, हवं तर बाळ सोबत नेता येईल.

"न्हाय," वहिनी म्हणाली. "तिचा दाखला हितला हाय. मी तिला परत तारेतनं न्ह्यायची न्हाय."

मी तिच्या पायाशी बसले आणि बोलायला लागले. काय बोलले ते मला आठवत नाही. सगळं एकदम, हुंदके देत, माझंच चुकलं, मीच, मी सांगायला नको होतं. तिनं मला बराच वेळ बोलू दिलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्या बघितलं हुतं. तुज्या दादाच्या मोबाइलवर आलं हुतं, सभेच्या आदी लई दिवस."

ते दिवस माझ्या डोळ्यांसमोरून गेले. त्या दिवसांत तिनं माझे केस विंचरले होते. रविवारी माझ्यासाठी भोपळ्याची फुलं तळली होती. माझा कॉलेजचा डबा भरला होता. एकदाही काही बोलली नव्हती.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. "शिव्या का दिल्या नाहीस?"

ती दुर्वाच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. "माजी आई मरून इतकी वर्सं झाली," ती म्हणाली, "कुणी तिचं नाव बी काढत न्हाय. तू तिच्यावर बोललीस आन एवढी माणसं गप ऐकत हुती. चांगली बोललीस तू." आणि मग, पहिल्यांदाच, तिचा आवाज फुटला. "फकस्त वण नगं हुता सांगायला, आशू. वण नगं हुता."

मी त्यानंतर कधीही माइकसमोर उभी राहिले नाही. आज मी इंदापूरकडच्या एका शाळेत मराठी शिकवते. मुलं भाषण लिहून मागायला येतात, मी दुसऱ्या बाईंकडं पाठवते. त्यांना वाटतं मी आळशी आहे.

पुण्याहून तिला आणखी काही जणांबरोबर सीमेवर नेलं आणि पलीकडं सोडलं. आम्हाला ते चार दिवसांनी कळलं, एका अनोळखी नंबरवरून. दादा लगेच निघाला. सीमेवरच्या गावात दोन महिने राहिला. तिथल्या एका जवानानं त्याला नदी दाखवली. पलीकडं माणसं चालताना दिसतात, दादा तिथून फोनवर म्हणाला, गुरं हाकलेली ऐकू येतात, पण त्यातली ती कोणती, हे कसं कळावं? परत आला तेव्हा दाढी वाढलेली होती आणि तो कुणाशीच बोलत नव्हता. माझ्याशी तर तीन वर्षं नाही. एकदा फक्त काकडीचे वेल बांधताना, माझ्याकडं न बघता म्हणाला, "एक वाक्य हुतं, आशू. एकच." मी त्या वेलाची दोरी सोडून बांधावर जाऊन बसले. नंतर तो माझ्याशी बोलायला लागला, कामापुरतं. तात्यांनी पंचायत सोडली. टीव्हीवर ते भांडण चालूच होतं, माणसंही बहुतेक तीच, पण तात्या आता उठून बंद करायचे. तिला परत आणण्यासाठी केलेला अर्ज कोर्टात पडला होता, त्याला पुढची तारीख मिळायची, मग त्याच्या पुढची.

वहिनी तिकडं कुठल्याशा शहरात कपड्यांच्या कारखान्यात लागली होती. पहिल्या वर्षी फोन यायचे, तेव्हा ती फक्त दुर्वाचा आवाज ऐकायला मागायची आणि दुर्वा फोन फेकून द्यायची. मग नंबर बदलला, मग चार वर्षं काहीच नाही. दादा तो जुना नंबर रोज लावायचा. दुर्वाला मी वाढवलं. ती मला आत्या म्हणते. तिचं दुखणं, अभ्यास, वेण्या, सगळं मी केलं, आणि त्यानं काहीही फिटलं नाही.

दुर्वा सात वर्षांची असताना एका रविवारी दुपारी फोन वाजला. आम्ही नुकतेच जेवून उठलो होतो. दादानं फोन कानाला लावला आणि उभ्याचा खाली बसला. "शेफाली," एवढंच म्हणाला. मग त्यानं फोनचा आवाज मोठा केला आणि दुर्वाला जवळ ओढलं. "बोल. तुजी आई हाय."

आई म्हणजे भिंतीवरच्या फोटोतली बाई, हे दुर्वाला माहीत होतं. तिनं फोनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. आपल्याकडं लेकरू आईला कधी तुमी म्हणत नाही. बापाला म्हणेल, आजोबाला म्हणेल, आईला नाही. पण आमच्या आईनं तिला चांगलं वळण लावलं होतं, की परकं माणूस असलं, की तुमी म्हणायचं आणि आधी जेवणाचं विचारायचं. दुर्वा फोनजवळ वाकली आणि शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "तुमी जेवलात का?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही. फोन तुटला असं मला वाटलं. दादानं डोळे मिटून घेतले होते. मग वहिनीचा आवाज आला, आमच्याच बोलीतला, एवढ्या वर्षांतही न बिघडलेला.

"जेवले, बाळा," ती म्हणाली. "तुमी जेवलात का?"